'दुकानातून' आणि 'विकून': कमाईचं इंग्रजी

अशोक चौकाच्या पुढे, सोलापूरच्या पूर्व भागात मी संध्याकाळी इंग्रजी शिकवते. वर्गात येणाऱ्या मुलामुलींच्या घरी कुणी विड्या वळतं, कुणी यंत्रमागावर आहे, कुणी शाळेचे गणवेश शिवतं. मुलाखतीची तयारी करताना सुरुवातीलाच प्रश्न येतो, आईवडील काय करतात, घर कसं चालतं. म्हणजे कमाईबद्दल बोलायचं असतं आणि मुलं नेमकी तिथेच अडखळतात. 'अर्न', 'सॅलरी', 'प्रॉफिट' हे शब्द त्यांना येत असतात. अडतं ते मधल्या एवढ्याशा शब्दाशी. 'फ्रॉम' की 'बाय'? 'ऑन' की 'ॲट'? 'फॉर' की 'इन'?

मागच्या आठवड्यात एका मुलीची वही तपासत होते. वाक्य होतं, 'माय मदर अर्न्स मनी बाय बीडी.' त्या 'बाय'च्या खाली कागद विरला होता. आधी 'फ्रॉम' लिहून खोडलेलं, मग 'विथ' लिहून खोडलेलं, मग 'बाय'. पोरीने एका शब्दासाठी तीनदा खोडरबर चालवला होता. मी तिला विचारलं, "तुला मराठीत काय म्हणायचं होतं?" ती पटकन म्हणाली, "आई विड्या वळून पैसे कमावते, अक्का." उत्तर तिच्या त्या वाक्यातच होतं. आजवर कुणी तिला तिथे बघायला सांगितलं नव्हतं एवढंच.

व्याकरणाच्या पुस्तकांत याद्या असतात. या क्रियापदापुढे हे लावा, त्या नामापुढे ते लावा. मी स्वतः अशा याद्या पाठ केल्या आणि परीक्षा संपल्यावर विसरले. माझं म्हणणं असं आहे की पैशाच्या बाबतीत आपल्याला याद्यांची फारशी गरज नाही. आपण मराठीत हा हिशेब इतका बारकाईने बोलतो की नेमका शब्द पकडला तर इंग्रजी शब्द बहुतेक वेळा आपोआप सापडतो.

मराठीत दोन गोष्टींचं नातं सांगणारा तुकडा नामाच्या मागून येऊन चिकटतो. दुकानातून, पगारावर, हजारामागे, चारशेला. शाळेत याला विभक्ती प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय म्हणतात. इंग्रजीत तोच तुकडा नामाच्या आधी सुटा उभा राहतो. सोलापुरात घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारे पुष्कळ आहेत आणि त्या भाषांतही तो मागेच लागतो. पण जागा उलटी असण्याने फार बिघडत नाही, आठवडाभरात सवय होते. खरी अडचण वेगळी आहे. आपला एकच तुकडा दोन-तीन वेगळी कामं करतो आणि इंग्रजी त्या प्रत्येक कामाला वेगळा शब्द लावते.

'दुकानातून पैसे मिळतात' आणि 'टॉवेल विकून पैसे मिळतात', ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून पाहा. दोन्हीकडे कानाला शेवटी 'ऊन'च ऐकू येतो. पण पहिला 'ऊन' नामाला लागलाय, तो पंचमीचा प्रत्यय आहे आणि पैसा कुठून आला ते सांगतो. दुसरा 'ऊन' क्रियापदाला लागलाय, तो काय केल्यामुळे पैसा आला ते सांगतो. नामावरचा 'ऊन' इंग्रजीत 'फ्रॉम' होतो: 'वुई अर्न फ्रॉम द शॉप', 'फ्रॉम फार्मिंग', 'फ्रॉम रेंट'. क्रियापदावरचा 'ऊन' 'बाय' होतो आणि पुढच्या क्रियापदाला 'इंग' लागतं: 'बाय सेलिंग टॉवेल्स', 'बाय स्टिचिंग युनिफॉर्म्स', 'बाय रोलिंग बीडीज'. विकून, शिवून, वळून. त्या मुलीच्या वाक्यात 'बाय' बरोबरच होता, त्याच्या पुढचं 'रोलिंग' तेवढं हरवलं होतं. नुसतं 'बाय बीडी' म्हटलं की विडी हे साधन होतं, 'बाय बस'मधल्या बससारखं.

उलट चूकही रोज दिसते. 'आय अर्न बाय माय जॉब', 'ही अर्न्स बाय शॉप'. नोकरी आणि दुकान ही नामं आहेत, तिथे 'फ्रॉम' हवा. 'फ्रॉम सेलिंग टॉवेल्स' असं मात्र चालतं, कारण इंग्रजीत 'सेलिंग' हे विक्री या अर्थाने नामही होतं. म्हणजे क्रियापद असेल तर दोन्ही खपतं, नुसतं नाम असेल तर 'फ्रॉम'च. शंका आली की 'फ्रॉम' घ्या, असं मी मुलांना सांगते. कमाईच्या वाक्यात तो सहसा दगा देत नाही.

घरी कन्नड बोलणाऱ्या मुलांचा इथे जास्त गोंधळ होतो आणि त्याला कारण आहे. कन्नडमध्ये 'अंगडियिंद' म्हणजे दुकानातून आणि 'कैयिंद' म्हणजे हाताने. 'इंद' हा एकच प्रत्यय 'फ्रॉम'चंही काम करतो आणि 'बाय'चंही. अशा मुलाने 'बाय शॉप' म्हटलं तर ते आळशीपणाचं लक्षण नाही. त्याची भाषा तिथे भेद करतच नाही, म्हणून तो त्याला मुद्दाम शिकवावा लागतो.

एका ठिकाणी मात्र 'ऊन' मराठी माणसालाही फसवतो. 'घरी बसून पैसे कमवा' अशी जाहिरात विजेच्या खांबावर असते, मोबाइलवरही येते. तिचं 'अर्न मनी बाय सिटिंग ॲट होम' झालेलं मी कित्येकदा वाचलंय. याचा अर्थ होतो, घरी बसण्याचे पैसे मिळतात. 'विकून' या क्रियेने पैसा येतो, 'बसून'ने येत नाही, बसणं ही फक्त त्या वेळची स्थिती आहे. म्हणून इंग्रजीत नुसतं 'अर्न मनी फ्रॉम होम' म्हणायचं. 'बाय' लिहिण्याआधी स्वतःला विचारा, या क्रियेचे कुणी पैसे देतं का? विणण्याचे देतं. बसण्याचे नाही.

'आउट ऑफ' जपून वापरा. 'ही मेड मनी आउट ऑफ दॅट लँड' यात त्या जमिनीतून पैसा काढला, अशी छटा येऊ शकते. पुढे कुणाचं दुःख किंवा अडचण आली की ती छटा उघड टोचते, 'मेक मनी आउट ऑफ पीपल्स मिझरी' असं. चांगल्या कामाबद्दल सांगायचं असेल तर 'फ्रॉम' ठेवा. यूट्यूबबाबत मुलं हमखास विचारतात. 'ऑन यूट्यूब' म्हणजे त्या जागेवर, 'फ्रॉम यूट्यूब' म्हणजे तिथून. दोन्ही बरोबर.

आता सोलापूरच्या सर्वांत जवळची गोष्ट. या शहरात कमाईचा फार मोठा भाग नग मोजून होतो. विडीची मजुरी हजारावर, शिलाई पीसवर, टॉवेल किलोवर. माझ्या लहानपणी शेजारच्या काकू दारात सूप मांडीवर घेऊन बसायच्या. तेंदूची पानं ओल्या फडक्यात, शेजारी तंबाखू, बोटाला दोरा. कात्री पानाभोवती फिरायची, विडी वळली जायची, तोंड मुडपलं जायचं आणि बोलता बोलता ओठांत आकडा चालू असायचा. हजार भरल्याशिवाय हिशेब लागत नाही. तासाला पैसे मिळणाऱ्या माणसाला घड्याळ बघावं लागतं, काकूंना विड्या मोजाव्या लागत.

हा फरक इंग्रजीत 'बाय द' सांगतं. 'शी इज पेड बाय द थाउजंड.' 'आय ॲम पेड बाय द पीस.' 'वुई सेल टॉवेल्स बाय द किलो.' मजुरी किंवा भाव कोणत्या मापाने ठरतो ते यातून कळतं आणि 'द' सोडायचा नाही. आपण मराठीत इथे 'वर' म्हणतो, 'मी पीसवर काम करते', म्हणून मुली 'आय वर्क ऑन पीस' लिहितात. मापाला लागलेला 'वर' म्हणजे 'बाय द', हे एकदा डोक्यात बसलं की ही चूक कायमची जाते. 'बाय वेट', वजनावर, याला मात्र 'द' लागत नाही. ते तसंच लक्षात ठेवावं लागतं.

आकडा सांगायचा असेल तेव्हा मात्र 'बाय द' नको. 'हजारामागे दोनशे' म्हटलं की 'टू हंड्रेड रुपीज पर थाउजंड' किंवा 'अ थाउजंड'. दर सांगणाऱ्या 'पर'च्या पुढे 'द' येत नाही. थोडक्यात, पद्धत सांगताना 'बाय द पीस' आणि दर सांगताना 'पर पीस'. वेळेवरची मजुरी आणि नगावरची मजुरी हा भेद कायद्याच्या इंग्रजीतही आहे. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात 'टाइम रेट' आणि 'पीस रेट' असे दोन दर वेगवेगळे सांगितले होते, एक वेळेवरचा आणि एक नगावरचा. तुमच्या करारपत्रात यातला कोणता शब्द आहे ते सही करण्याआधी बघा. काम कमी मिळालं की नगावरच्या माणसाची कमाई त्याच दिवशी घटते.

'मागे'चं आणखी एक रूप आहे. 'एका चादरीमागे पन्नास रुपये सुटतात.' इथे नफ्याची गोष्ट आहे. नफा इंग्रजीत वस्तूवर बसतो, 'वुई मेक फिफ्टी रुपीज ऑन ईच चादर.' एका वस्तूवर किंवा एका सौद्यावर सुटलेल्या नफ्याला 'ऑन', पूर्ण धंद्यातून वर्षभरात आलेल्या नफ्याला 'फ्रॉम'. व्याजाचंही तेच, 'इंटरेस्ट ऑन द लोन' आणि पुढे टक्के सांगायचे तर 'ॲट ट्वेल्व्ह पर्सेंट'. टक्क्याला, दराला, भावाला 'ॲट' लागतो.

या 'ॲट'ची आणि 'फॉर'ची गफलत खिशापर्यंत पोचते. आमच्या गल्लीत एकाचं छोटं टॉवेलचं युनिट आहे. त्याने परगावच्या व्यापाऱ्याला इंग्रजीत मेसेज टाकला, 'वुई कॅन गिव्ह ५०० पीसेस फॉर १२० रुपीज.' त्याला म्हणायचं होतं, नगाला १२० रुपये. वाक्याचा सरळ अर्थ झाला, पाचशे टॉवेल मिळून १२० रुपये. व्यापाऱ्याला चूक कळलीच असणार, पण त्याने उत्तर दिलं ते दोन दिवसांनी, "नेमका भाव कळवा" म्हणून. तोवर त्याने दुसरीकडेही विचारून ठेवलं होतं. संध्याकाळी युनिटवाला फोन घेऊन माझ्याकडे आला तेव्हा मेसेजमध्ये एक शब्द बदलायचा आणि एक जोडायचा होता, '५०० पीसेस ॲट १२० रुपीज ईच'. 'फॉर' वापरायचाच तर पूर्ण रक्कम टाकायची, '५०० पीसेस फॉर ६०,००० रुपीज'. 'फॉर' म्हणजे एका हाताने माल देऊन दुसऱ्या हाताने घेतलेली रक्कम. 'ॲट' म्हणजे भाव.

हा भेद आपला 'ला' फार छान दाखवतो. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत दुकानदार ओरडतो, "शंभरला तीन!" मार्केट यार्डात कांद्याचा भाव पुकारतात तो क्विंटलला. दोन्हीकडे 'ला'च आहे, पण एकदा तो पैशाला लागलाय आणि एकदा मालाला. पैशाला लागलेला 'ला' म्हणजे 'फॉर', 'थ्री फॉर अ हंड्रेड'. मालाला लागलेला 'ला' म्हणजे 'पर' किंवा 'अ', 'टू थाउजंड रुपीज अ क्विंटल'. 'चादर चारशेला विकली' म्हणजे 'सोल्ड इट फॉर फोर हंड्रेड'. 'चारशेच्या भावाने विकली' म्हणजे 'ॲट फोर हंड्रेड'. नफ्यात किंवा तोट्यात विकली तरी 'ॲट'च, 'ॲट अ प्रॉफिट', 'ॲट अ लॉस'.

'वर' बहुतेक ठिकाणी आपला मित्र आहे. कमिशनवर 'ऑन कमिशन', उधारीवर 'ऑन क्रेडिट', दहा हजार पगारावर 'ऑन अ सॅलरी ऑफ टेन थाउजंड'. खर्चही कशावर तरी होतो, 'स्पेंड ऑन'. गुंतवणूक मात्र कशात तरी होते, 'इन्व्हेस्ट इन', आणि मराठीतही आपण 'शेतीत पैसे घातले' असंच म्हणतो. घर कशावर चालतं याला 'लिव्ह ऑन': 'वुई लिव्ह ऑन माय मदर्स वेजेस.' पण 'तो भावाच्या जिवावर जगतो' यातला 'वर' वेगळा आहे, त्याला 'लिव्ह ऑफ' म्हणतात आणि त्यात अनेकदा ऐतखाऊपणाचा ठपका असतो. मुलाखतीत आईच्या कमाईबद्दल बोलताना चुकून 'ऑफ' तोंडून गेला तर आपण स्वतःलाच कमी लेखतो. 'शी लिव्ह्ज ऑन बीडी' हेही टाळा. 'ऑन'च्या पुढे पैसा आला तर कमाई कळते. वस्तू आली तर ऐकणाऱ्याला वाटतं, तेवढंच खाऊन किंवा ओढून ती जगते.

नोकरीच्या ठिकाणाबद्दल दोन शब्दांत सांगते. मालकासाठी 'फॉर', क्षेत्रात 'इन', भूमिका सांगायला 'ॲज'. 'माय फादर वर्क्स इन टेक्स्टाइल्स', 'ही वर्क्स ॲज अ जॉबर' (जॉबर म्हणजे मागांची देखरेख करणारा). आणि ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या विणकाम आहे त्यांच्यासाठी एक सुंदर रूप आहे, 'ही इज अ वीव्हर बाय ट्रेड'. धंद्याने विणकर. इथे 'बाय'च्या पुढे नुसतं नाम आहे आणि ते पूर्ण बरोबर आहे. हे वाक्य मुलं मान वर करून म्हणतात, म्हणून मला ते शिकवायला आवडतं.

'पे'मध्ये एक जादाचा शब्द घुसतो. 'आय पेड टू द शॉपकीपर' यातला 'टू' आपल्या 'दुकानदाराला'मधून येतो. इंग्रजीत माणूस थेट 'पे'च्या पुढे बसतो आणि वस्तूला 'फॉर' लागतो, 'आय पेड द शॉपकीपर फॉर द टॉवेल'. रोख दिले तर 'इन कॅश', चेकने दिले तर 'बाय चेक'. पैसा कोणत्या रूपात दिला याला 'इन', कोणत्या मार्गाने दिला याला 'बाय'. हप्त्यांत दिले तर 'इन इन्स्टॉलमेंट्स'.

पगारवाढीच्या अर्जाकडे मी विशेष लक्ष देते. वर्गातल्या एका मुलाचा पगार १२,००० होता आणि त्याला तो १५,००० व्हायला हवा होता. अर्जात त्याने लिहिलं, 'प्लीज इन्क्रीज माय सॅलरी बाय १५,०००.' म्हणजे पंधरा हजारांनी वाढवा, एकदम २७,००० करा. साहेबांनी अर्ज वाचून बाजूला ठेवला आणि त्याला महिनाभर कळलंच नाही की आपलं काय चुकलं. मराठीत हा फरक स्पष्ट असतो. 'तीन हजारांनी वाढवा' म्हणजे 'बाय ३,०००' आणि 'पंधरा हजारांवर न्या' म्हणजे 'टू १५,०००'. 'नी' म्हणजे किती भर पडली, 'वर' म्हणजे कुठे जाऊन पोचलं. वाढ हे नाम झालं की मात्र 'ऑफ' येतो, 'ॲन इन्क्रीज ऑफ ३,०००'. तुम्हाला पगारवाढीचं पत्र मिळालं तर रकमेच्या आधीचा शब्द बोट ठेवून वाचा. 'बाय' असेल तर बेरीज करायची, 'टू' असेल तर तोच नवा पगार.

आणि शेवटी येणं वसूल करायचं इंग्रजी, कारण केलेल्या कामाचे पैसे हातात पडेपर्यंत कमाई झाली असं म्हणता येत नाही. इथे आपला 'पर्यंत' घोटाळा करतो. 'सोमवारपर्यंत पैसे देतो' आणि 'सोमवारपर्यंत दुकान बंद आहे', दोन्हीकडे 'पर्यंत'. पण पहिल्या वाक्यातलं काम सोमवारच्या आत एकदाच व्हायचंय, त्याला 'बाय मंडे'. दुसऱ्यातली स्थिती सोमवार येईतो चालूच राहणार आहे, त्याला 'अनटिल मंडे'. 'आय विल पे अनटिल मंडे' म्हणजे सोमवारपर्यंत रोज देत राहीन आणि मग थांबेन. ज्याचे पैसे अडकलेत त्याच्या पत्रात 'बाय'च पाहिजे.

दिवस मोजायचे असतील तर 'इन' आणि 'विदिन' यांत फरक आहे. 'इन ३० डेज' याचा अर्थ बहुधा तीस दिवसांनी असा घेतला जातो. 'विदिन ३० डेज' म्हणजे तीस दिवसांच्या आत, उद्यासुद्धा. छोट्या उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. त्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात आणि ती मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. आमच्या गल्लीतल्या त्या युनिटवाल्याच्या बिलावर आता छापलेली ओळ आहे, 'पेमेंट विदिन ४५ डेज फ्रॉम द डेट ऑफ ॲक्सेप्टन्स'. आधी तिथे 'आफ्टर ४५ डेज' होतं.